आईंच्या मागं न लागणारी कोंबडी

ऑक्टोबर २०२२. दिवाळीला आठवडा राहिला होता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७१, मधुमेह पंधरा वर्षांचा. सकाळी परसात तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि आमच्याच कोंबड्यानं मागून झेप घेऊन त्यांच्या पोटरीत काटा रुतवला. कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूनं टोकदार काटा असतो, तो. जखम दिसायला बोटाच्या पेराएवढी, पण साखरेच्या माणसाची जखम. धनुर्वाताचं इंजेक्शन, दिवसाआड पट्टी, आणि भरून यायला साडेपाच आठवडे. त्या वर्षीच्या करंज्या आईंनी खाटेवर बसून मुरडल्या. तेव्हापासून काठी घेतल्याशिवाय त्या परसात पाऊल टाकेनात.

ते पक्षी आम्ही आठवडे बाजारात एका गाडीवाल्याकडून घेतले होते. 'अस्सल गावरान, आठवड्यात अंड्यावर येतील' असं सांगून पाच तलंगा आणि एक कोंबडा. तलंग म्हणजे अजून अंडं न दिलेली, वयात येणारी कोंबडी. पाचातल्या दोन तलंगा नव्हत्याच. चोचींचे शेंडे कापलेले होते. पिंजऱ्यात अंडी देऊन थकल्यावर विक्रीला काढलेल्या त्या कोंबड्या, हे मला महिन्यानं कळलं. कोंबडा मात्र देखणा: उंच, ताठ मानेचा, जाड पायांचा. आमच्या दवाखान्यातल्या पशुवैद्यांनी त्याचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्याच्यात असिलचं रक्त आहे. असिल झुंजीसाठीच पाळत आलेत लोक. तुम्ही अंड्यांसाठी पैलवान आणलात."

त्या रविवारी पैलवानाचं काय झालं ते सांगत बसत नाही.

आमचं गाव भोर तालुक्यात. घरामागं पाऊण गुंठा मोकळं परसू, दोन आंब्याची झाडं, पलीकडं भातखाचरं. ह्यांची नोकरी शिरवळला, मी घरी शिकवण्या घेते. मुलगी तेव्हा सात वर्षांची. पुन्हा कोंबड्या पाळायच्या तर दिवसभर त्यांच्यात वावरणारी माणसं दोनच, आई आणि पोरगी. म्हणून ह्या वेळी मी ठरवलं, आधी स्वभाव बघायचा, मग अंडी मोजायची. ऐकायला सोपं वाटतं. पण जिथं जाईन तिथं लोक अंड्यांचाच आकडा सांगायचे. गिरीराजा, बंगळूरची जात, वर्षाला १३० ते १५०. ग्रामप्रिया, हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संस्थेची, परसात १६०-१८० च्या घरात. तिथलीच वनराजा, अंडी कमी पण वजनाला चांगली. गावरान पन्नास-साठ अंडी देते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. लेगहॉर्न तीनशेच्या आसपास. "ती मारते का हो?" असं विचारलं की समोरचा हसायचा.

मग मी दुसरा मार्ग धरला. ज्यांच्याकडं पक्षी आहेत त्यांच्या घरी जायचं आणि खुराड्यात बसायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात सहा ठिकाणी बसून आले. पालथ्या घमेल्यावर वीस मिनिटं गप्प बसायचं, हात लावायचा नाही, दाणा टाकायचा नाही. कोण जवळ येतं, कोण कोपऱ्यात दाटी करतं ते बघायचं. मग एकदम उठून उभं राहायचं. सगळी खरी माहिती त्या एका क्षणात मिळते. शेवटी मालकाला विनंती करायची की अंधार पडल्यावर दांडीवर बसलेली एखादी उचलून बघू का. हे वेड्यासारखं दिसतं. एका घरी मालकीणबाईंनी मला चहाऐवजी आधी पाणी दिलं आणि बरं आहे ना, असं विचारलं.

लेगहॉर्न पाळणाऱ्या एका शेतकऱ्याकडं मी उठले तशी पांढरी लाट जाळीवर आदळली. अंडी भरपूर, पण जीव पाखराचा. त्यांच्या मोकळ्या सोडलेल्या आठ कोंबड्या संध्याकाळी आंब्यावर जाऊन बसायच्या आणि रोज शिडी लावून उतरवाव्या लागायच्या. आर.आय.आर., म्हणजे रोड आयलंड रेड, दोन घरी पाहिली: तांबूस, धीट, अंड्यांना चांगली. माझ्याशी नीट वागल्या, पण आपसात दादागिरी. त्यातल्या एका कळपात एका गरीब कोंबडीची पाठ उघडी पडलेली दिसली. आणि दोन्ही घरचे आर.आय.आर. कोंबडे मला आवडले नाहीत. एक पंख खाली सोडून तिरपं तिरपं चालत कोंबडा तुमच्याकडं यायला लागला तर तो नाचत नाहीये. तुमचं माप घेतोय. आमच्या पैलवानाचं आम्ही महिनाभर ह्याच चालीसाठी कौतुक केलं होतं.

एका निवृत्त गुरुजींकडं काळ्या कोंबड्या होत्या. ऊन पडलं की हिरवट चमकणाऱ्या, जड अंगाच्या, छोट्या पायांच्या. मी बसले तशी त्यातली एक आली, माझ्या चपलेचा अंगठा दोनदा टोचून पाहिला आणि शेजारी धुळीत अंग घुसळत बसली. मी झटकन उठले तर दोघी-तिघी चार पावलं सरकल्या, बाकीच्यांनी मान वर करून पाहिलं. "ऑस्ट्रलॉर्प," गुरुजी म्हणाले. "ऑस्ट्रेलियातली. जुन्या काळी तिथं हिच्यातल्या एकीनं ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिली होती, पण ते तुम्ही मनावर घेऊ नका. माझ्याकडं एकशे साठ, एकशे सत्तर होतात." मग त्यांनी दोष पण सांगितले, न विचारता. उन्हाळा सोसत नाही, काळा रंग आहे. जड आहे, उंच दांडीवरून उडी मारली की तळव्याला गाठ येते. आणि इतकी गरीब की मुंगूस आलं तरी बघत उभी राहील. दोष सांगणारा मालक भेटला की मी थांबते. तिथंच ठरलं.

पिल्लं कुठून आणायची हा पुढचा घोळ. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं चार आहेत: पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूर. तिथं एक दिवसाची पिल्लं मिळतात. आधी मी पंचायत समितीत योजनेची चौकशी केली. तलंगांच्या गटाची योजना असते, पंचवीस माद्या आणि तीन नर. त्या वर्षीचे अर्ज घेऊन झाले होते, शिवाय सातबारा आईंच्या नावावर आणि पासबुक माझ्या. सोडून दिलं. पण त्या कागदावरून एक गोष्ट डोक्यात बसली: पंचवीस माद्यांना तीनच नर. पिल्लावळ वाढवायची असली तरी इतकेच लागतात. आणि नुसती अंडी खायची तर एकही नको. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देते, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. हे मला बी.एस्सी. होऊन कळलं नव्हतं. आईंना तर अजून पटत नाही.

ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना विचारलं, परवानगी लागेल का. घरच्या दहा-वीस कोंबड्यांना काही नको म्हणाले, फक्त शेजारी वासाची तक्रार घेऊन आला तर माझ्याकडं यायला लावू नका.

९ जानेवारी २०२३ ला पिल्लांची नोंदणी केली. आधार कार्डाची प्रत, अर्ज, आगाऊ रक्कम, आणि पावती. पावती जपून ठेवा, पिल्लं तिच्यावरच मिळतात. फोटोही काढून ठेवा. अडचण खोक्याची होती. खोकं शंभर पिल्लांचं, मला हवी पंचवीस. आमच्या बचत गटातल्या तिघींना गळ घातली, त्यांनी पंच्याहत्तर घेतली. त्यांना काळ्याचं विशेष काही नव्हतं, एकीनं तर "काळी कोंबडी दारात नको" म्हणून दोन आठवडे अडवून धरलं. शेवटी तिच्या सासऱ्यांनी अंड्याचं कवच तपकिरी असतं हे ऐकून होकार दिला. तपकिरी अंडं गावरान म्हणून दोन रुपये जास्तीनं जातं, एवढाच काय तो शकुन-अपशकुनाचा हिशोब.

मधले सहा आठवडे खुराड्यात गेले. सहा बाय आठ फूट, जमिनीपासून दोन फूट उंच, लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे ऊन थेट आत येत नाही. खर्च १४,६००. त्यातले पाच हजार जाळीचे. साधी षट्कोनी कोंबडीची जाळी स्वस्त असते, पण ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश घ्या आणि कडेनं फूटभर जमिनीत गाडा. मी तीन बाजूंनी गाडली. चौथ्या बाजूला फरशी होती म्हणून सोडली. त्याची किंमत डिसेंबरात मोजली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे चारला निघालो, आठच्या सुमारास खोकं हातात. भोकं पाडलेला पुठ्ठा, आत शंभर जिवांचा चिवचिवाट. काळी-पिवळी पिल्लं, पोटाखाली पांढरी. पिल्लं, खोकं, गाडीचं पेट्रोल धरून माझ्या वाट्याला सातशे रुपये आले. काचा बंद ठेवल्या, ह्यांना घाम फुटला, पिल्लं खूश. घरी येईपर्यंत पोरगी शाळेला गेली नव्हती ती नव्हतीच.

ज्यांनी कधी पिल्लं वाढवली नाहीत त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण मला कोणी सांगितला नव्हता. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. त्यासाठी शंभर वॅटचे पिवळे बल्ब लागतात. भोरमध्ये तीन दुकानं फिरले, सगळीकडं एलईडी. एलईडीला उजेड आहे, ऊब नाही. शेवटी एका जुन्या इलेक्ट्रिकवाल्याच्या माळ्यावर चार मिळाले. पत्र्याचं गोल कडं केलं, चौकोनी नाही, कारण कोपरा मिळाला की पिल्लं एकमेकांवर चढून खालची गुदमरतात. खाली गिरणीतून आणलेलं भाताचं तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर ती तूसच खातात. आल्या आल्या प्रत्येकाची चोच गुळाच्या पाण्यात एकदा बुडवायची. पाण्याच्या ताटलीत पोरीच्या गोट्या टाकल्या, पिल्लू बुडत नाही.

थर्मामीटर आणलं होतं, पण दोन दिवसांत त्याची गरज संपली. पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, कडेला पळून पंख पसरले तर उकाडा, सगळीकडं विखुरलेली आणि बारीक गुणगुणत असली तर ठीक. तिसऱ्या दिवशी एक गेलं. डॉक्टरांनी बघितलं, बेंबी नीट मिटली नव्हती. दोघांच्या शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली होती, कोमट पाण्याच्या कापसानं पुसून काढली. रोज बघावं लागतं, तुंबलं तर पिल्लू मरतं.

आणि मग ३ मार्चची रात्र. अडीच वाजता आवाजानं जाग आली. चिवचिव नव्हे, किंकाळ्या. वीज गेली होती, किती वेळापूर्वी कोण जाणे. चुलीवर पाणी तापवलं, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरून फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवल्या. काठी टेकत आई आल्या आणि पदराखाली सहा पिल्लं घेऊन जोत्यावर बसल्या. ज्या बाईनं चार महिन्यांपूर्वी "पुन्हा ह्या घरात कोंबडी नको" म्हटलं होतं. वीज साडेपाचला आली. दोन पिल्लं गठ्ठ्याच्या तळाशी मेलेली निघाली. उरली बावीस. पोरगी उठायच्या आत पुरली, आणि तिनं उठल्या उठल्या मोजलीच.

लशींचं वेळापत्रक दवाखान्याच्या भिंतीवर असतं, ते लिहून आणा. सातव्या दिवशी मानमोडी रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गम्बोरो रोगाची लस, पण तो दिवस धुळवडीचा, म्हणून आठ मार्चला दिली. अठ्ठावीसाव्याला लासोटा परत, पाडव्याच्या आदल्या दिवशी. सहाव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत, नवव्याला आर-टू-बी, तीही मानमोडीचीच, टोचून. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत वापरून टाकावी लागते. पंचवीस पिल्लांसाठी एकटी कुपी फोडणं परवडत नाही. आमच्या चौघींची पिल्लं एकाच वयाची असल्यानं खोक्याची वाटणी इथं कामाला आली. बर्फ घालून थर्मासमधून लस आणायची. एकीनं पिल्लू धरायचं, दुसरीनं थेंब टाकायचा, तिसरीनं मोजायचं. मोजणारी बाई बडबडी नको.

लशीच्या वेळी डॉक्टर एक बोलले ते गुरुजींच्या बोलण्याशी जुळत होतं. जात स्वभावाची अर्धी बाजू देते, उरलेली अर्धी हाताळणी. म्हणून पोरीला काम दिलं: रोज संध्याकाळी प्रत्येक पिल्लू दोन्ही ओंजळीत घ्यायचं, वीसपर्यंत अंक म्हणायचे, ठेवायचं. वरून झडप घालून उचलायचं नाही, घार तशी उचलते. खालून हात न्यायचा. तिचे वीसपर्यंतचे पाढे त्याच काळात पक्के झाले, असं मी म्हणणार होते, पण ते खोटं आहे. सोळाचा अजून अडखळतो.

एप्रिलमध्ये एक पिल्लू बोक्यानं नेलं. मे महिन्यात गुरुजींचं म्हणणं दिसलं: दुपारी सगळे काळे पक्षी चोची उघड्या टाकून आंब्याखाली. छपरावर भाताचा पेंढा टाकून दिवसातून दोनदा पाणी मारलं, पिण्याचं पाणी माठात ठेवलं. एकही दगावला नाही. त्या वर्षी पाऊस आमच्याकडं जूनच्या शेवटाला आला, आणि आला तसा खुराड्यातलं तूस ओलं झालं. नाकाला झोंबणारा वास येऊ लागला की उशीर झाला समजा. दोघांची विष्ठा लालसर दिसली. रक्ती हगवण. पाण्यातून पाच दिवस औषध, सगळं तूस बदललं, चुना भुरभुरवला. वाचले.

तोवर नर-मादी उघड झालं होतं. सरकारी काय, खासगी काय, अशी पिल्लं सरसकट मिळतात, निवडून नाही. एकवीसमध्ये दहा कोंबडे, अकरा कोंबड्या. हे आधी माहीत असूनही दहा हा आकडा ऐकून मी मटकन बसले. सव्वाचार महिन्यांचे दहा नर, पहाटे चारला एकामागून एक आरवतात, माद्यांच्या पाठीची पिसं उपटतात, आणि दाणा दुपटीनं खातात. पण देवाची करणी म्हणा, आषाढ चालू होता. आखाडात आमच्याकडं कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अमावस्या १७ जुलैला, सोमवारी होती, म्हणजे खरी गटारी रविवारी. शनिवार-रविवारात नऊ कोंबडे दारातून गेले, सरासरी साडेपाचशेला. पिल्लं फेब्रुवारीत घ्यायचा हा फायदा कोणी ठरवून सांगितला नव्हता, पण तुम्ही ठरवून घ्या.

दहावा आईंच्या हट्टानं राहिला. "आरवणारं कोणी नको का?" दहातला सगळ्यात गरीब निवडला, पोरगी ज्याला काखेत घेऊन अंगणात फिरायची तो. सप्टेंबरपर्यंत सोन्यासारखा होता. ऑक्टोबरात, आठ महिन्यांचा झाला तेव्हा, एका सकाळी आईंच्या समोर आला, एक पंख खाली सोडला आणि तिरपा चालायला लागला. आईंनीच मला हाक मारली. ओरडून नाही. "अगं, ह्याला बाजार दाखव." कोंबड्याचा स्वभाव पिल्लू असताना कळत नाही, काखेत फिरवलं तरी नाही. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत खात्री धरू नका. तो गेल्यापासून पहाट जरा सुनी वाटते, पण शेजारच्या वाडीत दोन आहेत, तेवढे पुरतात.

आता अंडी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून तुरे लाल व्हायला लागले. पाठीवर हात ठेवला की कोंबडी पंख सैल सोडून खाली बसते, हीही खूण. डॉक्टरांनी अजून एक दाखवली: शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये एक बोट मावतं तोवर वेळ आहे, दोन-तीन मावली की जवळ आलं. मी तुपाच्या जुन्या डब्यांत पेंढा घालून तीन घरटी केली, चार कोंबड्यांना एक ह्या हिशोबानं. आईंनी नीरेच्या पात्रातला एक गुळगुळीत पांढरा गोटा आणून एकात ठेवला. त्याला अंडं समजून कोंबडी तिथंच घालते. माझा विश्वास नव्हता.

२३ ऑगस्टच्या संध्याकाळी चांद्रयान उतरलं, आम्ही सगळे टीव्हीपुढं. २४ तारखेला सकाळी साडेदहाला पहिलं अंडं. गोट्याला टेकून. १८४ वा दिवस. वजन ३८ ग्रॅम, फिकं तपकिरी, टोकाला रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्याला ती असते, घाबरू नका. कोंबडीचं नाव अर्थातच चांद्री ठेवलं गेलं.

आणि श्रावण. तोही साधासुधा नाही, २०२३ ला अधिक श्रावण धरून दोन महिने, १५ सप्टेंबरपर्यंत. आमच्या घरात आणि निम्म्या गावात अंडं शिवत नाहीत. त्यानंतर गणपती, गौरी, मग नवरात्र. कोंबड्यांना पंचांग कोण सांगणार? रोज पाच, मग सात, मग आठ. फ्रिज भरला. पोरगी आणि ह्यांचे कंपनीतले सहकारी ह्यांच्यावर दोन महिने काढले. दसऱ्यानंतर मात्र दारावर माणसं यायला लागली, दहा रुपयांना एक.

काही अंडी मऊ कवचाची आली, हातात घेतली की पिचायची. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवल्यावर दहा दिवसांत थांबलं. मॅशमध्ये, म्हणजे रोजच्या भरड खाद्यात, मिसळू नका, ज्या कोंबडीला हवा ती खाते. नोव्हेंबरात दिवस लहान झाला तशी अंडी आठावरून चारावर. चौदा तासांचा उजेड लागतो म्हणून संध्याकाळी सहा ते आठ दिवा लावला. आठला बटण बंद केलं की मिट्ट काळोख, आणि अर्ध्या कोंबड्या जमिनीवरच अडकलेल्या, दांडी दिसेना. मग दिवा पहाटे साडेचारला लावायला लागले, संध्याकाळ तिची तिला होऊ दिली. ही चूक दोन आठवडे चालली.

डिसेंबरात मुंगूस फरशीच्या बाजूनं आलं. एक कोंबडी गेली. बाकीच्या दहा जणी, गुरुजी म्हणाले होते तशाच, दांडीवर बसून बघत होत्या. आता फरशीखालीसुद्धा जाळी आहे.

हिशोब विचारणारे फार भेटतात, म्हणून वही उघडते. २४ ऑगस्ट २०२३ ते २३ ऑगस्ट २०२४, अंडी १,७६०. म्हणजे कोंबडीमागं एकशे सत्तरच्या आसपास, गुरुजींच्या आकड्याइतकीच. घरात सातशे खाल्ली, बाकी विकून साधारण साडेदहा हजार आले. खाद्याला साडेनऊ हजार गेले, तेही दिवसभर परसात चरतात आणि तांदळाची कणी घरची आहे म्हणून. पहिल्या सहा महिन्यांचं खाद्य सहा हजारांचं होतं, त्यातलं बरंचसं आखाडानं भरून दिलं. खुराड्याचे १४,६०० अजून अंगावर आहेत. धंदा म्हणून करायचं असेल तर माझं ऐकू नका, जास्त अंड्यांची जात बघा, आणि संख्या वाढवा.

आजारपणाबद्दल एकच. २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडला होता तेव्हाची घबराट आठवत असेल. दोन-तीन पक्षी एकदम मेले तर ओढ्यात टाकू नका आणि खाऊ तर मुळीच नका, आधी दवाखान्यात कळवा. डॉक्टरांचा नंबर मी खुराड्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलाय.

आत्ता हे लिहितेय तर चांद्री खुडूक बसलीय. खाली अंडं नाही, नुसता नीरेचा गोटा. मी रोज उठवते, आई रोज परत बसू देतात. "बसू दे गं, तिचं काय जातंय." खुराड्याच्या दाराची कडी जूनमध्ये गंजून तुटली. नवी आणायची राहिलीय. तोवर आईंची काठी अडसर म्हणून लावतो, ती तिथंच असते दिवसभर.